देवी अहिल्याबाई आणि महेश्वरचा माग

 

श्रावण वद्य चतुर्दशी ही देवी अहिल्याबाई होळकरांची पुण्यतिथी. त्यांची मंदिरं आणि घाट आपल्याला ठाऊक आहेत. काशी विश्वनाथाचं मंदिर त्यांनीच १७८० मध्ये पुन्हा उभं केलं. पण आज आपण त्यांच्या एका वेगळ्या सेवेची आठवण करू. ती सेवा कदाचित आपल्या घरच्या कपाटातही घडी घालून ठेवलेली असेल.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ चा, चौंडी गावचा. लहान वयातच त्या मल्हारराव होळकरांच्या सूनबाई झाल्या. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. बाई सती जायला निघाल्या, तेव्हा मल्हाररावांनी विनवणी करून त्यांना थांबवलं. १७६६ ला सासरे गेले, पुढच्याच वर्षी एकुलता एक मुलगा मालेराव गेला. तेरा वर्षांत घरातले तीन कर्ते पुरुष गेले.

एवढ्या दुःखात एखादा माणूस कोपऱ्यात बसून राहिला असता. बाईंनी राज्य हाती घेतलं, तेही मालकीण म्हणून नाही. राज्य शंकराचं, आपण फक्त कारभारी, ही त्यांची भावना होती.

नर्मदाकाठचं महेश्वर त्यांनी राजधानी केली आणि बाहेरगावचे कुशल विणकर तिथे आणून वसवले. येणाऱ्या पाहुण्यांना, आप्तेष्टांना आहेरात साड्या आणि पागोट्याचं कापड द्यायचं, ते इथेच विणलेलं, असा दरबारचा रिवाज पडला असं सांगतात. बाईंनी गरजूंसाठी अन्नछत्रंही चालवली. पण ज्याच्या हातात कला आहे, त्याला त्या रांगेत उभं राहायची वेळ येऊ दिली नाही. त्याला माग दिला, गिऱ्हाईक दिलं, मान दिला.

महेश्वरी साडी हातात घेऊन बघा. वजनाला हलकी, आणि काठ दोन्ही बाजूंनी नेसता येईल असा. काठावर नर्मदेच्या लाटा, चटई, वीट अशी नक्षी. घाटावर आणि किल्ल्याच्या भिंतीवर जे दिसतं, तेच विणकराने धाग्यात उतरवलं.

१७९१ मध्ये जावई वारले आणि लेक मुक्ताबाई सती गेली. ज्यांना सासऱ्यांनी थांबवलं होतं, त्यांना स्वतःच्या लेकीला मात्र थांबवता आलं नाही. हे दुःख पोटात घेऊनही बाई कारभार बघत राहिल्या. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरीच त्यांनी देह ठेवला.

पुढे राजाश्रय गेला, गिरणीचं स्वस्त कापड आलं आणि बरेच माग बंद पडले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातल्याच मंडळींनी रेहवा सोसायटी काढून विणकामाला पुन्हा उभारी दिली. आज महेश्वरात कितीतरी स्त्रिया मागावर बसून घर चालवतात.

आता आपल्याकडे वळू. देवळात आपण सढळ हाताने देतो, आणि हातमागाच्या साडीवर शे-दोनशेसाठी घासाघीस करतो. हे आपल्या सगळ्यांच्याच हातून होतं. यंदा घरात लग्नकार्य असेल, तर एक तरी आहेर हातमागाचा घेऊया, आणि विणणाऱ्याचे कष्ट ओळखून योग्य दाम देऊया. बाईंना तीच आपली आदरांजली होईल.

जय गुरुदेव 🙏