शाहू महाराजांच्या पैलवानांना पंढरपुरी म्हशीचंच दूध का?

पंढरपूर म्हटलं की विठोबा. पण या मुलखाच्या नावाची एक म्हैसही आहे आणि तिला राजाश्रय मिळाला तो थेट कोल्हापुरात.

२६ जून १८७४ ला कागलच्या घाटग्यांच्या घरात जन्मलेले यशवंतराव १८८४ मध्ये दत्तक गेले आणि शाहू झाले. १८९४ पासून कारभार हातात आला. १९०२ चं ५० टक्के आरक्षण, राधानगरी धरण हे सगळ्यांना माहितीय. पण महाराजांचा जीव कुस्तीत. त्यांनी मल्ल पोसले, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं केलं.

आता एवढ्या पैलवानांना दूध कुठलं? तर पंढरपुरी म्हशीचं. गवळी म्हैस घेऊन कट्ट्यावर यायचे, तिथंच धार काढायचे.

ही म्हैस अंगानं मध्यम. शिंगं मात्र तलवारीसारखी, खांद्याच्याही मागं गेलेली. दूध दिवसाला साधारण ६-७ लिटर. मुऱ्हा जास्त देते, खरंय. पण मुऱ्हाचं धूड मोठं, आणि जनावर जितकं जड तितकी वैरण नुसतं शरीर चालवायलाच जाते. सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यात कडबा आणि उसाच्या वाढ्यांवर भागवणारी म्हैस लागते. त्यामुळं नुसते लिटर मोजून चालत नाही, वैरणही मोजावी लागते. मोठं जनावर घेऊन कर्जात गेलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

६ मे १९२२ ला महाराज मुंबईत गेले, अवघ्या ४७ व्या वर्षी. कोल्हापूरच्या गंगावेशीतला दूध कट्टा मात्र राहिला. तिथं अजूनही समोर धार काढून फेसाळ ग्लास हातात देतात.