फिल्मवाला ईस्टमन

हाडांच्या डॉक्टरांनी फिल्म मागितली, की आपण एक्स-रेचे मोठे पाकीट पुढे करतो. घरात मुलांनी फिल्मचा विषय काढला, तर तो सिनेमाचा असतो. मलेरियाच्या तपासणीसाठी काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब ही प्रयोगशाळेतली फिल्म. डोळ्यांचे डॉक्टर बुबुळावरच्या अश्रूंच्या पातळ थराला फिल्म म्हणतात, आणि दातांवर रात्रभरात साचणारा बुळबुळीत थर दंतवैद्यांच्या लेखी जिवाणूंची फिल्म, म्हणजे बायोफिल्म असतो. गाडीच्या काचेवर चिकटवतात तीही फिल्मच.

एकाच शब्दाला इतके अर्थ आले, कारण त्याचे मूळ फार साधे आहे. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ पातळ कातडी किंवा पापुद्रा असा होता. दुधावरची साय डोळ्यांसमोर आणली, की वरचे सगळे अर्थ आपोआप जुळतात. छायाचित्रणात हा शब्द आला तोही असाच. काचेवर चढवलेल्या रसायनाच्या सायीला आधी फिल्म म्हणत. पुढे काच गेली, तिच्या जागी लवचीक पट्टी आली आणि तेच नाव पट्टीला चिकटले. हा बदल ज्याने घडवून आणला त्या जॉर्ज ईस्टमनच्या आयुष्यात फिल्मचे यांतले बरेच अर्थ एकत्र येतात. आरोग्याच्या सदरात त्याला जागा द्यायची ती त्यासाठीच.

ईस्टमनचा जन्म १२ जुलै १८५४ रोजी अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातील वॉटरव्हिल या गावी झाला. वडील रॉचेस्टर शहरात व्यापारी शिक्षणाची शाळा चालवत. १८६२ मध्ये ते वारले, तेव्हा जॉर्ज सात वर्षांचा होता. आईने घरात भाडेकरू ठेवून संसार ओढला. दोन बहिणींपैकी एकीला पोलिओ झाला होता. ती १८७० मध्ये गेली. त्याआधीच, चौदाव्या वर्षी, जॉर्जने शाळा सोडून विमा कचेरीत आठवड्याला तीन डॉलरवर निरोप्याचे काम धरले होते. घरचे हिशेब तो पै-पैचे लिहून ठेवी. १८७४ मध्ये बँकेत कारकुनी मिळाली आणि पगार आठवड्याला पंधरा डॉलर झाला.

१८७७ मध्ये त्याच्या मनात कॅरिबियन बेटांवरच्या सांतो दोमिंगोला जायचे आले. सोबत कॅमेरा घ्यावा, असे एका सहकाऱ्याने सुचवले. कॅमेऱ्यासोबत मोठे लटांबर घ्यावे लागे: तंबू, तिवई, काचा, पाण्याचे भांडे, रसायनांच्या बाटल्या. फोटो काढण्याआधी त्याच जागी अंधारात काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रावण ओतायचे, ती काच चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. वाळली की ती वाया गेली. हे कलोडियन शल्यवैद्यांच्याही ओळखीचे होते. जखमेवर लावले की त्यातले ईथर उडून जाई आणि वर पातळ, घट्ट पापुद्रा उरे. म्हणजे जखमेवरची फिल्म आणि फोटोची फिल्म एकाच बाटलीतून निघत होत्या.

सांतो दोमिंगोला जाणे काही झाले नाही. फोटोचे वेड मात्र डोक्यात बसले. इंग्लंडमध्ये काही जण जिलेटिन वापरून कोरड्या काचा बनवत आहेत, असे त्याने मासिकात वाचले. दिवसभर बँकेत काम आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात प्रयोग, असा त्याचा क्रम सुरू झाला. कधी कधी तो अंगावरच्या कपड्यांनिशी चुलीजवळ जमिनीवरच झोपून जाई. १८७९ मध्ये काचांवर सारखा थर चढवणाऱ्या यंत्राचे पेटंट त्याने लंडनला जाऊन घेतले. १८८१ मध्ये घोडागाडीच्या चाबकांचा कारखानदार हेन्री स्ट्राँग याच्या पैशावर कंपनी उभी राहिली. हा स्ट्राँग पूर्वी त्याच्या आईकडे भाडेकरू होता.

आणि लगेच, १८८२ मध्ये, सगळे बुडायची वेळ आली. दुकानांत गेलेल्या काचांवर चित्र उमटेना. ईस्टमनने विकलेला माल परत घेतला, बदलून दिला आणि कारखाना बंद ठेवून रात्रंदिवस प्रयोग केले. कारण सापडेना, तेव्हा तो पुन्हा इंग्लंडला गेला. शेवटी दोष निघाला जिलेटिनचा. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून बनते. एका खेपेचे जिलेटिन चांगले, दुसऱ्या खेपेचे वाईट, असे का होते याचा उलगडा व्हायला मात्र १९२०चे दशक यावे लागले. ईस्टमनच्याच प्रयोगशाळेतल्या सॅम्युअल शेपर्ड याला दिसले, की जिलेटिनमध्ये गंधकयुक्त पदार्थांचा अगदी किंचित अंश असला तरच चांदीचे क्षार प्रकाशाला तत्परतेने प्रतिसाद देतात. तो अंश मोहरीतल्या तिखट तेलासारख्या द्रव्यांतून येतो. गाईंनी मोहरीवर्गातली झाडे खाल्ली होती की नाही, यावर फोटो येणार की नाही हे ठरत होते. स्वयंपाकघरात सुरू झालेल्या धंद्याला मोहरीने हात द्यावा, हे मला तरी फार मजेशीर वाटते.

काच जड आणि फुटकी. ती काढून टाकायची, तर थर कशावर चढवायचा? आधी कागद वापरून झाला. मग १८८९ मध्ये हेन्री रायशेनबाख या तरुण रसायनज्ञाच्या मदतीने पारदर्शक फिल्म तयार झाली. नायट्रोसेल्युलोजचे द्रावण लांबलचक काचेच्या टेबलांवर ओतायचे, वाळू द्यायचे, त्यावर प्रकाशसंवेदी थर चढवायचा आणि पापुद्रा सोलून पट्ट्या कापायच्या. कलोडियन ज्याचे बनते तोच हा पदार्थ. त्याआधी वर्षभर, १८८८ मध्ये, कोडॅक कॅमेरा बाजारात आला होता. किंमत पंचवीस डॉलर, आत शंभर फोटोंची गुंडाळी. गिऱ्हाइकाने फक्त बटण दाबायचे आणि गुंडाळी संपली, की कॅमेराच दहा डॉलरसह रॉचेस्टरला पाठवून द्यायचा. फोटो छापून, नवी गुंडाळी भरून तो घरपोच येई.

इथे एक डाग सांगायला हवा. हॅनिबल गुडविन नावाच्या न्यूअर्कच्या धर्मोपदेशकाने अशाच फिल्मसाठी १८८७ मध्येच अर्ज केला होता. त्याला पेटंट मिळायला १८९८ उजाडले आणि १९०० मध्ये तो वारलाही. त्याचे हक्क विकत घेतलेल्या कंपनीला ईस्टमनला १९१४ मध्ये पन्नास लाख डॉलर मोजावे लागले. पुढच्याच वर्षी न्यायालयाने कोडॅकला बेकायदा मक्तेदारीबद्दल दोषी धरले. ईस्टमन उदार होता हे खरे. पण धंद्यात समोरच्याला श्वास घेऊ न देणारा होता, हेही तितकेच खरे.

एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सनने ईस्टमनची ७० मिलिमीटर रुंदीची फिल्म उभी चिरून ३५ मिलिमीटरची केली आणि सिनेमाचे माप ठरून गेले. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले, तेव्हा त्यात घालायची कोरी फिल्म कोडॅकची होती. कुंडीतल्या वाटाण्याला फुटणारा अंकुर त्यांनी आधी टिपला आणि मग ‘राजा हरिश्चंद्र’ केला.

क्ष-किरणांचा शोध १८९५च्या अखेरीस लागला. पहिली दोन दशके डॉक्टर काचांवरच हाडांचे फोटो घेत. या कामाची उत्तम काच बेल्जियममधून येई. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले, काच येईनाशी झाली आणि जखमी सैनिकांची रांग मात्र वाढत गेली. तेव्हा फिल्मची मागणी आली. १९१८ मध्ये कोडॅकने दोन्ही बाजूंनी थर असलेली एक्स-रे फिल्म काढली. क्ष-किरण आरपार जात असल्याने एका वेळी दोन्ही थर काम करतात. चित्र ठळक येते आणि रुग्णाला किरणांचा मारा कमी लागतो.

पण नायट्रोसेल्युलोज हा स्फोटक सुती दारूचा जवळचा नातलग. त्याला जळायला बाहेरचा प्राणवायू लागत नाही. पाण्याखालीही ते जळते. १५ मे १९२९ रोजी क्लीव्हलँड क्लिनिकच्या तळघरात रचून ठेवलेल्या एक्स-रे फिल्मनी पेट घेतला. निघालेला पिवळसर विषारी वायू वायुवाहिन्यांतून मजल्यामजल्यांवर पोचला आणि १२३ माणसे दगावली. बहुतेकांचा जीव गेला तो ज्वाळांनी नव्हे, वायूने. सहजासहजी न पेटणारी, ॲसिटेटची सुरक्षित एक्स-रे फिल्म कोडॅकने १९२४ मध्येच बाजारात आणली होती. तरी कित्येक रुग्णालयांत जुनी नायट्रेट फिल्म तशीच पडून होती. या आगीनंतर ती झपाट्याने हटली. सिनेमावाल्यांनी तिला सोडायला मात्र १९५०पर्यंत वेळ लावला. पुण्यात २००३च्या जानेवारीत जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून आपल्या सिनेमाचा अमोल ठेवा गेला, तो याच रसायनामुळे.

ईस्टमनने लग्न केले नाही. त्याचे सारे विश्व आई होती आणि ती १९०७ मध्ये गेली. त्यानंतर त्याने पैसा वाटायला काढला. आयुष्यभरात मिळून सुमारे दहा कोटी डॉलर. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेला त्याने मोठमोठ्या रकमा स्मिथ या खोट्या नावाने दिल्या. खरा दाता कोण, हे कित्येक वर्षे कुणाला कळले नाही.

त्याचा लाडका उपक्रम मात्र दातांचा. १९१७ मध्ये रॉचेस्टरला गरीब मुलांसाठी दंत-चिकित्सालय उघडले. खर्च केलेल्या डॉलरमागे सर्वांत जास्त फायदा मुलांच्या दातांवर होतो, असा त्याचा रोकडा हिशेब होता आणि तो चुकीचा नव्हता. दातांवरची जिवाणूंची फिल्म वेळच्या वेळी काढली, तर पुढचे किडणे आणि उपटणे पुष्कळ टळते. हे काम करणाऱ्या दंत-स्वच्छता सहायिकांना तिथे शिक्षणही मिळे. तिथूनच मुलांचे टॉन्सिल काढण्याची मोहीमही निघाली. आजचे डॉक्टर इतक्या उत्साहाने टॉन्सिलला हात लावणार नाहीत. पुढे लंडन, रोम, ब्रुसेल्स, स्टॉकहोम आणि पॅरिस इथेही ईस्टमनच्या पैशातून अशी चिकित्सालये उभी राहिली. रॉचेस्टर विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालयही त्याच्या देणगीतून झाले. रक्तक्षयावर यकृताचा आहार उपयोगी पडतो हे दाखवणारे आणि त्यासाठी १९३४ मध्ये नोबेल मिळालेले जॉर्ज व्हिपल हे तिथले पहिले अधिष्ठाता.

शेवटची दोन-तीन वर्षे वाईट गेली. ईस्टमनच्या पाठीच्या कण्याच्या खालच्या भागात विकार जडला. उभे राहणे वेदनेचे आणि चालणे पाय फरपटत. आईला अखेरची दोन वर्षे चाकाच्या खुर्चीत काढताना त्याने पाहिले होते आणि आपलेही तेच होणार, ही भीती त्याला होती. तेव्हाच्या वैद्यकाकडे त्याला देण्यासारखे फारसे नव्हते. साध्या एक्स-रे फिल्मवर मणके दिसतात, पण त्यांच्या आत दबलेला मज्जारज्जू आणि नसा दिसत नाहीत. त्या स्पष्ट दाखवणारे एमआरआय यंत्र यायला अजून अर्धे शतक होते. दीर्घकाळच्या वेदनेसोबत येणारी निराशा हाही उपचार करण्याजोगा आजार आहे, ही समजही पुढची. १४ मार्च १९३२ रोजी त्याने मित्रांना घरी बोलावले, मृत्युपत्रातल्या शेवटच्या बदलावर त्यांच्या साक्षी घेतल्या आणि ते खोलीबाहेर गेल्यावर स्वतःचे आयुष्य संपवले. त्याचे वय ७७ होते. त्याची रक्षा रॉचेस्टरला कोडॅकच्या कारखान्याच्या आवारात पुरली आहे.