बाबासाहेब आंबेडकर यांची वकिली

भीमराव रामजी आंबेडकर (१४ एप्रिल १८९१ – ६ डिसेंबर १९५६) हे भारतीय संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष आणि स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री म्हणून सर्वपरिचित आहेत. त्याआधी त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात आणि जिल्हा न्यायालयांत अनेक वर्षे वकिली केली. आजच्या रायगड, म्हणजे तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील महाडच्या चवदार तळ्याचा दावा हा या काळातील सर्वांत महत्त्वाचा खटला होय. त्यात ते वकील म्हणून नव्हे, तर पहिले प्रतिवादी म्हणून गुंतलेले होते.

== शिक्षण आणि सनद ==

कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणानंतर आंबेडकरांनी १९१६ मध्ये लंडनच्या ग्रेज इन या संस्थेत बॅरिस्टरीसाठी नाव नोंदविले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून साठविलेला पैसा, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले. १९२३ मध्ये मुंबईस आल्यावर वकिलीची सनद घेण्याइतकी रक्कमही त्यांच्यापाशी नव्हती. तीही भथेना यांनीच पुरविली.

== सॉलिसिटरांची वाट ==

मुंबई उच्च न्यायालयाच्या कामकाजाचे मूळ शाखा आणि अपील शाखा असे दोन भाग होते. मुंबई शहरातील मोठ्या रकमांचे व्यापारी दावे मूळ शाखेत चालत. तेथे पक्षकाराला थेट बॅरिस्टरकडे जाता येत नसे. सॉलिसिटर किंवा ॲटर्नी दाव्याचे कागद तयार करी आणि आपल्या पसंतीच्या बॅरिस्टरला ब्रीफ देई. इंग्लंड व आयर्लंडमधील सॉलिसिटर-बॅरिस्टर अशा विभागणीचेच हे रूप होते. नव्या बॅरिस्टरचे भवितव्य त्यामुळे त्याच्या कायद्याच्या ज्ञानापेक्षा सॉलिसिटरांच्या पेढ्यांतील ओळखीवर अधिक अवलंबून असे.

आंबेडकरांना ही ओळख नव्हती आणि जातीमुळे ती मिळणेही कठीण होते. अस्पृश्य बॅरिस्टरशी व्यवहार ठेवण्यास सॉलिसिटर राजी नसत. अर्थशास्त्रातील दोन विद्यापीठांच्या उच्च पदव्या आणि ग्रेज इनची बॅरिस्टरी यांचा या दारात काही उपयोग झाला नाही. त्यांची वकिली म्हणून मुख्यतः अपील शाखेत आणि मुंबईबाहेरच्या जिल्हा न्यायालयांत झाली. पक्षकार बहुधा गरीब असत. उत्पन्नाला जोड म्हणून ते बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत. पुढे ते शासकीय विधी महाविद्यालयात अध्यापक झाले आणि १९३५ ते १९३८ या काळात त्याचे प्राचार्य होते.

वकील म्हणून त्यांचे नाव झाले ते १९२६ मध्ये. दिनकरराव जवळकर यांच्या 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून ब्राह्मणेतर चळवळीतील केशवराव जेधे आदींवर अब्रुनुकसानीचा खटला झाला होता. खालच्या न्यायालयाने दिलेल्या शिक्षेविरुद्ध पुण्याच्या सत्र न्यायालयात आंबेडकरांनी आरोपींची बाजू मांडली. विरुद्ध बाजूस ल. ब. भोपटकर होते. आरोपी सुटले. संततिनियमनाचे प्रचारक र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकातील मजकुरासाठी १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हाही बचाव त्यांनीच केला. तो मात्र यशस्वी झाला नाही व कर्व्यांना दंड झाला.

== चवदार तळ्याचा दावा ==

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ च्या आरंभी त्यास अनुसरून तळे खुले केल्याचे जाहीर केले, पण तो ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकर आणि परिषदेस आलेले हजारो लोक तळ्यावर जाऊन पाणी प्याले. त्यानंतर गावात परिषदेच्या प्रतिनिधींना मारहाण झाली, तर सनातनी मंडळींनी १०८ घागरी पाणी काढून, पंचगव्य घालून तळ्याची शुद्धी केली.

डिसेंबरमध्ये दुसऱ्या सत्याग्रहाची घोषणा होताच सवर्णांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा (क्र. ४०५/१९२७) लावला आणि १४ डिसेंबर रोजी तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. २५ डिसेंबरला परिषद भरली तेव्हा आंबेडकरांपुढे खरा पेच उभा राहिला. जमलेल्यांपैकी पुष्कळ जण तुरुंगात जाण्याच्या तयारीनेच आले होते. हुकूम मोडणे म्हणजे सरकार आणि न्यायालय दोघांनाही एकदम विरोधात ओढवून घेणे होते. पाळणे म्हणजे आलेल्या लोकांची निराशा. त्यांनी हुकूम पाळण्याचा मार्ग स्वीकारला. परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले, मिरवणूक तळ्यापर्यंत गेली, मात्र पाण्याला कोणी स्पर्श केला नाही. हा मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला, परंतु मूळ दावा चालूच राहिला.

८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायालयाने आणि ३० जानेवारी १९३३ रोजी ठाण्याच्या सहायक न्यायाधीशांनी प्रतिवादींच्या बाजूने निकाल दिले. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी वादींचे दुसरे अपील फेटाळले. (१९२२ मध्ये अहमदाबादेत महात्मा गांधींना शिक्षा सुनावणारे न्यायाधीश हेच ब्रूमफील्ड.) अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादिकालापासूनची असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. निकालाची कक्षा मर्यादित होती. सिद्ध झालेली अशी रूढी सार्वजनिक हिताविरुद्ध ठरेल का, हा प्रश्न न्यायालयाने निर्णयास घेतला नाही. समतेच्या तत्त्वावर नव्हे, तर पुराव्याच्या अभावावर दावा पडला. त्यालाही जवळजवळ दहा वर्षे लागली.

== पुढील काळ ==

त्याच वर्षी मुंबई विधानसभेचे सदस्य झालेल्या आंबेडकरांनी सप्टेंबरमध्ये खोती पद्धती रद्द करणारे विधेयक मांडले. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांचा संप १९३३ पासून चालू होता. विधेयक संमत झाले नाही, पण जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. यानंतर राजकीय कामामुळे त्यांची वकिली मागे पडत गेली.

१९५० मध्ये अमलात आलेल्या संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये शासकीय निधीतून राखलेल्या वा सार्वजनिक वापरासाठीच्या विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांच्या वापरावर जातीच्या कारणाने निर्बंध घालता येणार नाही, अशी तरतूद आहे. मूळ शाखेतील सॉलिसिटरमार्फतच दावा चालविण्याची सक्ती मात्र आंबेडकरांच्या निधनानंतर वीस वर्षे टिकली; ॲडव्होकेट्स कायद्यातील दुरुस्तीनंतर १ जानेवारी १९७७ पासून ती संपुष्टात आली.