हेन्री डिरोझिओ आणि हिंदु कॉलेज

विद्यालयाच्या आवारांत कोणतें मत बोलूं द्यावें आणि कोणत्या मतापासून विद्यार्थ्यांचें रक्षण करावें, हा वाद सांप्रत देशोदेशींच्या विद्यापीठांतून माजला आहे. परंतु तो नवा नव्हे. इ. स. १८३१ मध्यें कलकत्त्यास तो नुकतीं बावीस वर्षें पुरीं केलेल्या एका शिक्षकावर येऊन कोसळला. त्या हेन्री डिरोझिओ यांचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

डिरोझिओ यांचा जन्म १८ एप्रिल १८०९ रोजीं कलकत्त्यास एका युरेशियन कुटुंबांत झाला. ड्रमंड नांवाच्या स्कॉच गृहस्थाच्या शाळेंत त्यांचें शिक्षण झालें. पुढें भागलपुरास नातलगाच्या निळीच्या मळ्यावर ते कांहीं काळ राहिले व तेथें काव्यरचना करूं लागले. वयाची विशी उलटण्यापूर्वींच हिंदु कॉलेजांत त्यांची नेमणूक झाली. शिष्य त्यांच्याहून फार लहान नव्हते.

पाठांतरावर त्यांचा भर नव्हता. इ. स. १८२८ च्या सुमारास त्यांनीं अ‍ॅकॅडेमिक असोसिएशन नांवाची वादसभा काढली. ती माणिकतळ्याच्या एका बागेंत भरे. दैव, मूर्तिपूजा, ईश्वराचें अस्तित्व, कोणताच विषय तेथें वर्ज्य नसे. वडिलांच्या धाकापासून त्या बागेंत मुलांस आसरा होता. प्रतिपक्षाच्या प्रश्नापासून मात्र नव्हता. आमच्या मतें विद्यार्थ्यांस द्यावयाचा आसरा तो हाच.

मुलें घरीं देवास नमस्कार करीनात, तेव्हां पालक खवळले. कित्येकांनीं मुलें काढून घेतलीं. कॉलेज लोकांच्या पैशावर चालणारें असल्यामुळें चालकांची भीति अगदींच पोकळ होती असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु एप्रिल १८३१ मध्यें त्यांनीं केलें काय? डिरोझिओ यांस समोर बोलाविलें नाहीं, पुरावा तपासला नाहीं. केवळ लोकमताच्या सोयीसाठीं त्यांस दूर करण्याचें ठरविलें. सावकारदेखील फिर्याद लावतांना आपलें खातें पुढें ठेवतो! विल्सन व डेव्हिड हेअर या दोघां युरोपियन सभासदांनीं या प्रश्नावर मत देण्याचें टाळलें. डिरोझिओ यांनीं राजीनामा दिला. नास्तिक्य, आईबापांची अवज्ञा आणि भाऊबहिणीच्या विवाहास अनुमोदन, या तीन आरोपांविषयीं विल्सन यांनीं पत्रानें विचारणा केली, तेव्हां त्यांनीं तिन्ही आरोप नाकारले. ह्यूमच्या शंका आपण शिकविल्या तशींच त्यांचीं खंडनेंही शिकविलीं, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

त्याच वर्षीं ऑगस्टांत कृष्णमोहन बंदोपाध्याय यांच्या घरीं जमलेल्या मित्रांनीं शेजारच्या ब्राह्मणाच्या आवारांत गोमांसाचीं हाडें फेकलीं. यांत वाद कोठला? ती निव्वळ आगळीक होती, आणि तिचें समर्थन आम्ही करणार नाहीं. पण तोंवर त्यांचा गुरु कॉलेजांतून जाऊन चार महिने झाले होते.

डिरोझिओ यांनीं पुढें ईस्ट इंडियन नांवाचें पत्र चालविलें. २६ डिसेंबर १८३१ रोजीं पटकीनें त्यांचा अंत झाला. त्यांच्या शिष्यांपैकीं राधानाथ सिकदर यांनीं हिमालयाच्या सर्वोच्च शिखराची उंची गणितानें काढली. रामगोपाळ घोष मोठे व्यापारी झाले. गोऱ्यांसही कंपनीच्या फौजदारी कोर्टाखालीं आणणाऱ्या मसुद्यांची बाजू इ. स. १८४९ च्या सुमारास त्यांनीं उघडपणें घेतली.