साने गुरुजी आणि आपली रविवारची मुले



समितीच्या कार्यकर्त्यांनी यंदा स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा म्हणून गळ घातली. मी लेखक नाही. कारखान्यातली नोकरी संपल्यावर झोटवाड्यातच स्थायिक झालो आणि गेली काही वर्षे रविवारी सकाळी आपल्या मुलांना गोष्टी सांगतो, एवढाच काय तो माझा अधिकार. क्षमा, दया, मनाचा समतोल हे शब्द मुले चटकन पाठ करतात. पण म्हणजे नेमके करायचे काय, असे एखाद्याने विचारले की माझी पंचाईत होते. अशा वेळी मला साने गुरुजी आठवतात.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म 24 डिसेंबर 1899 चा, कोकणातल्या पालगडचा. घरची परिस्थिती खालावलेली. शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे अशी वणवण झाली. 1917 मध्ये आई गेली तेव्हा ते पुण्यात होते. शेवटची भेट झाली नाही. ही रुखरुख त्यांना जन्मभर पुरली. पुढे एम.ए. होऊन 1924 मध्ये ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि तिथल्या वसतिगृहाचे काम त्यांच्याकडे आले. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त असत. गुरुजी रागावत नसत. मुले शाळेत गेली की स्वतः खोल्या झाडायचे, कपडे नीट ठेवायचे, कंदिलाच्या काचा पुसायचे. मुलांना लाज वाटली आणि ती आपोआप आवरू लागली. (हा प्रयोग मी घरी नातवावर केला. त्याला अजून लाज वाटलेली नाही!)

1930 मध्ये नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले, आणि ती अठरा प्रवचने गुरुजींनी भराभर लिहून घेतली म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतात. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग लिहून झाला.

त्यातली अळणी भाजीची गोष्ट आमच्या वर्गात सर्वांत लाडकी. आई कामाच्या गडबडीत रताळ्याच्या पाल्याच्या भाजीत मीठ घालायला विसरते. वडील अवाक्षर न काढता जेवतात, त्यांचे पाहून मुलेही गप्प राहतात. आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळते. मुलांना आधी हा पाला म्हणजे शकरकंदीचे पत्ते, हे समजवावे लागले. पुढच्या रविवारी एका मुलाची आई मला विचारत आली, की हा हल्ली काहीही वाढले तरी मुकाट खातो, बरा आहे ना?

गुरुजींची दया मात्र मुकाट बसणारी नव्हती. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून आधी महाराष्ट्रभर दौरा करून त्यांनी मे 1947 मध्ये उपोषण केले आणि मंदिर खुले झाले. 1948 मध्ये गांधीजींची हत्या झाल्यावर दुसऱ्या कुणावर राग न काढता त्यांनी स्वतः 21 दिवस उपवास केला. त्याच वर्षी 15 ऑगस्टला ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले.

गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलीने विचारले, गुरुजी कसे वारले? मी क्षणभर गप्प झालो. विषय बदलता आला असता. पण मुले उद्या कुठेतरी वाचणारच. म्हणून सांगितले, की 11 जून 1950 रोजी त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले. गीतेतल्या स्थितप्रज्ञाची लक्षणे ज्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून घेतली, त्यांनाही आपले मन सावरता आले नाही. मुलगी म्हणाली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर दिसले की तिला हे पटत नव्हते. मलाही आजवर पटलेले नाही. मी एवढेच म्हणालो, की मन फार जड झाले तर आईला, बाबांना, निदान मला तरी येऊन सांगायचे. त्या दिवशी वर्ग लवकर सुटला. घरी आल्यावर वाटले, सांगायला नको होते का? रात्री तिच्या वडिलांचा फोन आला. ते रागावले असतील असे वाटले होते. पण मुलीने घरी बराच वेळ मोकळेपणी गप्पा मारल्या, हे सांगायला त्यांनी फोन केला होता.

आपल्यासारख्या परप्रांतात राहणाऱ्यांना गुरुजींची आणखी एक गोष्ट जवळची वाटावी. भारतातल्या निरनिराळ्या भाषांच्या लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, ही त्यांची आंतरभारतीची कल्पना. त्यांनी स्वतः तमिळ कुरलचे मराठी केले. यंदा आपल्या उत्सवात मुले अळणी भाजीचे छोटे नाटुकले बसवत आहेत. श्यामचे काम शेजारच्या राजस्थानी कुटुंबातला मुलगा करतो आहे. ‘अळणी’तला ळ त्याला जमतो, आपल्याच दोन मुलांना जमत नाही. तालमी रोज संध्याकाळी सातला असतात. येऊन पाहावे, आणि येताना ताट-वाट्या आणाव्यात, आमच्याकडे दोन कमी पडतात.