शेवटचा ठावठिकाणा

हिंगोलीपासून समुद्र फार लांब. आमच्याकडची पोरे पाण्याशी ओळख करून घेतात ती कयाधूच्या डोहात. तरीही गेली काही वर्षे दक्षिण चिनी समुद्रात अंत झालेल्या एका वैमानिकाने माझ्या मनात घर केले आहे. कॅप्टन दामोदर काशिनाथ जठार. एके काळी देशभर गाजलेले हे नाव आज नातवंडांना मुद्दाम सांगावे लागते.

जठार एअर इंडिया इंटरनॅशनलचे वैमानिक. टाटांनी १९३२ मध्ये लावलेले टपालविमानांचे रोपटे १९४८ मध्ये लंडनपर्यंत पोचले आणि १९५३ मध्ये सरकारी झाले. त्या काळी भर समुद्रावर विमान नेमके कुठे आहे, हे जमिनीवरून कुणाला दिसत नसे. नॅव्हिगेटरने वेग, वारा, घड्याळ आणि आकाशातले तारे यांचा मेळ घालून गणित करायचे आणि ते अक्षांश-रेखांश रेडिओवर कळवायचे, हाच विमानाचा पत्ता. दोन संदेशांमधला काळ म्हणजे नुसता भरवसा.

११ एप्रिल १९५५ रोजी जठारांचे ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे विमान हाँगकाँगहून जाकार्ताला निघाले. बांडुंग परिषदेला जाणारे चिनी प्रतिनिधी आणि पत्रकार त्यात होते. चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी ऐनवेळी वेगळा मार्ग धरला होता. पाच तासांनी, सुमारे १८,००० फुटांवर स्फोट झाला. उजव्या पंखाला आग लागली. जठारांनी तीन नंबरचे इंजिन बंद केले आणि विमान समुद्राकडे उतरवायला घेतले. धूर कॉकपिटमध्ये शिरत होता, एकेक यंत्रणा निकामी होत होती. हवाईसुंदरी ग्लोरिया बेरी प्रवाशांना लाइफ जॅकेट देत होत्या. त्या धांदलीत विमानातून तीन वेळा संकटसंदेश गेला. त्यात नातुना बेटांजवळची जागा सांगितलेली होती. मग रेडिओ मुका झाला.

विमान पाण्यावर आदळून फुटले. १९ जणांपैकी १६ गेले. त्यांत जठार होते, ग्लोरियाही होत्या. सहवैमानिक दीक्षित, नॅव्हिगेटर पाठक आणि अभियंता अनंत कर्णिक हे तिघे वाचले. पुढे कर्णिकांनी या हकिकतीवर पुस्तक लिहिले.

मी आयुष्यभर बँकेत आकड्यांची नोकरी केली. तिथे एक गोष्ट शिकलो. हिशेब लागला नाही की ठपका बहुधा गैरहजर माणसावर येतो. जठारांचे तसेच झाले असते. अवशेष सापडले नसते तर इंजिनाचा दोष, वैमानिकाची चूक, असले तर्क कायमचे चिकटले असते. पण शोध कुठे घ्यायचा हे ठाऊक होते. समुद्रातून काढलेल्या अवशेषांनी सत्य सांगितले: उजव्या चाकाच्या कप्प्यात टाइमबॉम्ब ठेवलेला होता. संशय हाँगकाँगच्या विमानतळावरील एका सफाई कामगारावर आला. तो तैवानला पळून गेला. या तपासात आपले रामनाथ काव यांचाही सहभाग होता.

याउलट ८ मार्च २०१४ ची गोष्ट आठवा. मलेशियाचे एमएच ३७० हे विमान २३९ माणसांसह नाहीसे झाले. उपग्रहाला मिळालेल्या क्षीण संकेतांवरून हिंदी महासागरावर एक लांबलचक कमान तेवढी आखता आली. जवळजवळ तीन वर्षे समुद्रतळ धुंडाळून जानेवारी २०१७ मध्ये ती मोहीम थांबवावी लागली. त्या घटनेनंतर महासागरावरील मोठ्या विमानांची जागा दर १५ मिनिटांनी कळलीच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आला. यंत्रांना आता जे काम सोपवले आहे, ते ‘काश्मीर प्रिन्सेस’च्या माणसांनी आगीत बसून केले होते.

जठार, ग्लोरिया आणि वाचलेले तिघे यांना अशोकचक्र सन्मान मिळाला. हा मान मिळालेले ते पहिले नागरिक. घरात शौर्यकथा सांगताना आपण रणांगणावर जातो, ते योग्यच आहे. पण जळत्या विमानातून आपला पत्ता अचूक कळवणे, म्हणजे मागे राहणाऱ्यांना वाट ठेवणे, हेही शौर्यच. या रविवारी मुलांना नकाशात नातुना बेटे दाखवा, आणि हे नावही सांगा.