खिंडारात उभ्या राहिलेल्या रमाबाई

प्रार्थनासभेत आम्ही आजाऱ्यांची व संकटात सापडलेल्यांची नावे घेतो, आमेन म्हणतो आणि घरी जातो. संदेष्ट्यांची मध्यस्थी इतकी सोपी नव्हती. अब्राहामाने सदोमासाठी देवाला पुन्हा पुन्हा विनवले. सोन्याच्या वासराचे पाप घडल्यावर, लोकांना क्षमा होणार नसेल तर आपलेही नाव पुसले जावे, अशी मोशेने तयारी दाखवली. संदेष्टा देवाचे वचन लोकांपुढे ठेवतो, तसेच लोकांचे दुःख घेऊन देवापुढे उभा राहतो. मराठी मंडळीला याचा दाखला पंडिता रमाबाईंच्या जीवनात मिळतो.

त्यांचा जन्म १८५८ सालचा. तरुणपणीच दुष्काळात आईवडील व बहीण त्यांनी गमावली. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ साली मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले व पुढे ते पुण्यास नेले.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. आमचे राजेगाव ज्यात आहे तो बालाघाट जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता. बाईंना पुण्यात बसूनही प्रार्थना करता आली असती. पण भूक त्यांनी स्वतः भोगली होती. त्या या प्रांतात आल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रियांना त्यांनी आश्रय दिला. त्यांतूनच केडगावचे मुक्ती सदन वाढले.

१८९७ साली पुण्यात प्लेग आला. इस्पितळात स्त्रियांची होणारी हेळसांड त्यांनी वर्तमानपत्रातून उघड केली. सरकारने ती नाकारली, तरी बाई आपल्या बोलण्यापासून हटल्या नाहीत. जी जीभ देवापुढे रदबदली करते, तिला सत्ताधीशांपुढे गप्प बसता येत नाही.

१९०५ च्या जानेवारीत त्यांनी मध्यस्थीच्या प्रार्थनेसाठी मुक्तीतील स्त्रियांना बोलावले. प्रथम सत्तरएक जमल्या. पुढे साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या. जूनमध्ये तेथे मोठे आत्मिक जागरण झाले.

मध्यस्थाच्या वाट्याला दुःख येत नाही असे नाही. १९२१ साली बाईंची एकुलती कन्या मनोरमा वारली. तरी बायबलच्या भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. ते पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या.

खिंडारात उभा राहील असा एक मनुष्य देवाने शोधला आणि त्याला कोणी सापडला नाही, असे यहेज्केल सांगतो. प्रिय बंधुभगिनींनो, पुढच्या सभेत ज्याचे नाव आम्ही घेऊ, त्याच्या दाराशीही जाऊ या.